जंपसीट मागायची कशी आणि बसायचं कसं: नेहमी येणारे प्रश्न

माझं घर छत्रपती संभाजीनगरात, बेस, म्हणजे ड्युटी सुरू होते ते ठिकाण, मुंबई, माहेर अंबाजोगाईचं. बारा वर्षं झाली एअरबस ए-३२० उडवते, त्यातली शेवटची चार कॅप्टन म्हणून. घरी जायला-यायला महिन्यातून चार-पाच वेळा तरी मी कॉकपिटातल्या मागच्या सीटवर बसून येते, आणि तेवढ्याच वेळा माझ्या मागं दुसरं कोणीतरी बसलेलं असतं. लातूर, बीड, परभणी, नांदेडची पोरंपोरी आता या लाइनमधे बरीच यायलीत, लायसन्स होतं, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण आणि परवाना) होतं, नोकरी लागते, आणि पहिल्या सुट्टीला घरी निघायचं म्हटलं की रात्री अकराला मेसेज येतो, "ताई, उद्या जंपसीट मागायचीय, काय बोलू?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच इथं लिहून ठेवते.

जंपसीट म्हणजे नेमकं काय? आणि तिथं कोण बसतं?

कॉकपिटात दोन पायलटच्या मागं एक घडीची नाहीतर सरकती सीट असते, काही विमानांत दोन असतात. कागदोपत्री ती ऑब्झर्व्हर सीट. ए-३२० मधे ती बाजूच्या भिंतीला लागून असते, ओढून मधे आणायची. एटीआर-७२ मधे दाराच्या तोंडाशीच उघडते, म्हणजे तुम्ही बसलात की दार अडलं.

ती सीट मुळात कामासाठी आहे. डीजीसीएचे (सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे) इन्स्पेक्टर, कंपनीचे चेक पायलट, नवीन एफओची (फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे उजवीकडच्या सहवैमानिकाची) ऑब्झर्वेशन फ्लाइट, यांचा नंबर आधी. त्यातून रिकामी राहिली तर घरी जाणाऱ्या नाहीतर ड्युटीला निघालेल्या पायलटला मिळू शकते. "शकते" हा शब्द लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

अमेरिकेत म्हणे कुठल्याही कंपनीच्या विमानात बसता येतं. आपल्याकडं का नाही?

तिकडं एअरलाइन्सचे आपसात करार असतात, तू माझ्या पायलटला बसव, मी तुझ्या बसवते, असे. तिथं हजारो पायलट एका शहरात राहतात आणि दुसऱ्या शहरातून ड्युटी सुरू करतात, त्यामुळं जंपसीट हा त्यांच्या रोजच्या जगण्याचाच भाग झालाय. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर मात्र दुसऱ्या कंपनीच्या पायलटला कॉकपिटात घेणं बंदच झालं होतं. पुढं कॅस नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आली, त्यात गेटवरचा माणूस तुमची माहिती टाकून बघतो की हा खरंच त्या कंपनीत नोकरीला आहे का आणि फोटो जुळतो का, तेव्हा कुठं ते परत सुरू झालं.

आपल्याकडं असं नाही. आपल्याकडं आपलीच कंपनी, आपल्याच कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल, आणि त्यात ज्यांना परवानगी लिहिलीय तेवढेच. दुसऱ्या कंपनीत बॅचमेट कॅप्टन आहे म्हणून त्याच्या कॉकपिटात बसायचा विचारही करू नका, त्याला अडचणीत आणाल.

भावाला, मैत्रिणीला, नवऱ्याला एकदा कॉकपिटात बसवलं तर?

नाही. २०२३ च्या २७ फेब्रुवारीला दुबई–दिल्ली फ्लाइटमधे एका कॅप्टनने मैत्रिणीला कॉकपिटात बोलावलं, पुढं डीजीसीएने कंपनीला ३० लाख दंड केला आणि त्या पायलटचं लायसन्स तीन महिने सस्पेंड केलं. विमान नीट उतरलं होतं, कोणाला काही झालं नव्हतं, तरी. घरच्यांना सांगताना जड जातं हे मला माहितीय, माझ्या मामेभावाने लग्नात सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आक्का, एकदा पुढं बसीव की." त्याला म्हटलं, तुला खिडकीची सीट काढून देते, कॉकपिट माझं घर नाही.

आधी कोणाला विचारायचं? गेटवर, ऑप्सला (कंपनीच्या ऑपरेशन्स विभागाला) का कॅप्टनला?

तिघांनाही, आणि याच क्रमाने नाही. आधी कंपनीची जी पद्धत असेल, अ‍ॅपवर रिक्वेस्ट, ऑप्सला मेल, जे काय असेल ते रीतसर करा. मग गेटवर वेळेत पोचा, म्हणजे बोर्डिंग संपताना नाही, सुरू व्हायच्या आधी. चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, गेटवरचा स्टाफ मोजकाच असतो, तोच माणूस बोर्डिंग पास बघतो, तोच व्हीलचेअर बघतो, आणि तुम्ही दहा मिनिटं उरली असताना आयडी काढून उभे राहिलात तर त्याची सगळी लाइन तुमच्यामुळं तुंबते. "दादा, कॉकपिट जंपसीटची रिक्वेस्ट आहे, हे आयडी, हे लायसन्स, तुमची लाइन झाली की बघा, मी इथंच बाजूला आहे", एवढं म्हणा आणि खरंच बाजूला थांबा.

आणि मग कॅप्टन. बाकी सगळ्यांनी होकार दिला तरी परवानगी कॅप्टनचीच. हे मी कसं शिकले ते सांगते.

नोकरी लागून चार महिने झाले होते, मुंबईहून घरी निघाले होते. गेटवरच्या मुलीने कागद बघितले, म्हणाली हो मॅडम, चढा. मी विमानात गेले, कॉकपिटचं दार उघडं, एफओ कॉम्प्युटरमधे रूट टाकत होता, त्याला हाय म्हटलं, सीट ओढली, बॅग मागं सरकवली आणि बसले. चांगला पट्टा वगैरे लावून बसले. पाच मिनिटांनी कॅप्टन खालून राउंड मारून वर आले, दारात थांबले, माझ्याकडं बघितलं, गळ्यातलं आयडी बघितलं, आणि अगदी हळू आवाजात, इंग्रजीत नाही, मराठीत म्हणाले, "बाहेर या जरा." मी उठले. दाराबाहेर आले. म्हणाले, "आता आत या."

मी परत आत गेले आणि तेव्हा तोंडातून निघालं, "सर, गुड इव्हिनिंग, मी अमुक, एफओ, मुंबई बेस, घरी चाललेय, जंपसीटला तुमची परवानगी आहे का?" ते म्हणाले, "हां. या, बसा." पुढं सगळा वेळ अगदी छान वागले, चहासुद्धा त्यांनीच सांगितला. त्या गोष्टीवर परत एक अक्षर बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी परवानगीशिवाय दाराच्या पट्टीच्या आत पाय टाकलेला नाही, कॅप्टन माझ्याच बॅचचा असला तरी नाही.

नेमकं म्हणायचं काय? शब्द सांगा.

नाव, कोणत्या विमानावर आहात, बेस, कुठं चाललात, आणि प्रश्न. प्रश्नच. "सर, मी आज तुमच्यासोबत येतोय" हे सांगणं झालं, मागणं नाही झालं. "मॅडम, तुमची परवानगी असेल तर जंपसीटवर बसू का?" हे मागणं. आयडी आणि लायसन्स हातात काढून ठेवा, म्हणजे त्यांना मागावं लागणार नाही, बऱ्याच लोकांना मागायला संकोच वाटतो आणि न बघताच बसवतात, ते बरोबर नाही. तुम्हीच पुढं करा.

कॅप्टन नवीन असो, वयाने तुमच्यापेक्षा लहान असो, त्या विमानात मोठा तोच. मी सुद्धा, समोर चार महिन्यांपूर्वी कमांड मिळालेला, म्हणजे कॅप्टन झालेला, पोरगा असला तरी "कॅप्टन, परवानगी आहे का" असंच विचारते आणि मनापासून विचारते. एफओलाही नमस्कार करा. बरेच जण कॅप्टनशी बोलून मोकळे होतात आणि उजवीकडं बसलेल्याला दिसतच नाही असं वागतात, त्याला ते पुढच्या दहा फ्लाइट लक्षात राहतं.

ब्रीफिंग चालू असताना पोचलो तर?

दाराबाहेर थांबा. गॅलीत उभं राहा, केबिनच्या लीडला (केबिन क्रूच्या प्रमुखाला) नाव सांगा, तिला विचारा कुठं थांबू. दोघांचं बोलणं थांबलं आणि कोणी मागं वळून बघितलं की मग. रूट टाकताना, परफॉर्मन्सचे आकडे भरताना मधेच "एक्सक्यूज मी सर" म्हणालात आणि त्यांचा एक आकडा चुकला तर ती चूक रनवेवर निघते.

कॅप्टन नाही म्हणाला. कारणही नाही सांगितलं. काय करायचं?

"ठीक आहे सर, थँक्यू, हॅव अ गुड फ्लाइट." आणि निघायचं. गेटवर जाऊन तक्रार नाही, ग्रुपवर पोस्ट नाही, चीफ पायलटला फोन नाही. कारण विचारायचं नाही, त्यांनी सांगितलं तर ऐकायचं.

मला एकदा नाही म्हटलं होतं, श्रावण होता, मुंबईत पाऊस नुसता कोसळत होता, दुसऱ्या दिवशी घरी पुतण्याचं बारसं. कॅप्टन फक्त "आज नको" म्हणाले. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सीएसटीला जाऊन देवगिरी एक्स्प्रेस पकडली, जनरलच्या दाराशी बॅगेवर बसून सकाळी घरी पोचले. कमांड मिळाल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी एका मुलाला तसंच "आज नको" म्हटलं. त्या दिवशी माझा एफओ नवीन होता, खाली ढग होते, आधीच्या फ्लाइटला त्याचं लँडिंग जरा कडक झालं होतं आणि तो मनात तेच घोळवत होता. मागं एक जण बसला असता, चांगलाच असता, पण माझ्या एफओला मागून बघणारे दोन डोळे त्या वेळी नको होते. हे मी त्या पोराला एफओसमोर कसं सांगणार? म्हणून नाही सांगितलं.

म्हणून एकच सांगते, ज्या ड्युटीला पोचायलाच पाहिजे तिच्यासाठी जंपसीटच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशी निघा. जालन्याहून वंदे भारत २०२३ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली, देवगिरी आहे, समृद्धी आहे. जंपसीट मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी ड्युटी चुकायला नको, अशा बेताने निघायचं.

कपडे? बॅग? डबा?

युनिफॉर्म नाहीतर नीट फॉर्मल, बूट बंद. चप्पल, हाफ पँट, "दौलताबाद" लिहिलेला टीशर्ट नको. बॅग एकच, छोटी, आणि ती कुठं ठेवायची ते लीडला विचारून.

डब्याचं मात्र मनापासून सांगते. कॉकपिट म्हणजे एका छोट्या न्हाणीघराएवढी जागा, दार बंद. आईने बांधून दिलेले धपाटे आणि ठेचा तिथं उघडलात तर पुढच्या तासभर दोघांच्या डोळ्यांतून पाणी. माझ्या मागं एकाने खरंच उघडला होता, पोरगा भुकेला होता, रात्रीपासून ड्युटीवर, त्याच्यावर ओरडवेना, पण लसणाचा तो वास मुंबईला उतरेपर्यंत हेडसेटमधून येत होता असं वाटलं. जेवायचं तर खाली जेवून या. घरून काही आणायचंच असेल तर कुंथलगिरीचे पेढे आणा, बॉक्स लीडच्या हातात द्या, ती वाटेल. पायलटला "घ्याच घ्याच" असा आग्रह नको, दोघं जण एकच जेवण खात नाहीत त्याला कारण आहे, एकाच पदार्थाने दोघंही आजारी पडायला नकोत.

माझं वजन लोडशीटवर (विमानातल्या वजनाच्या हिशोबाच्या कागदावर) येतं का?

आलंच पाहिजे. शेवटच्या मिनिटाला "मी बसतो हो" म्हणून चढलात तर एक तर लोडशीट बदलावी लागते नाहीतर तुमच्यासाठी उशीर होतो. मे महिन्यात दुपारी चिकलठाण्याला हवा तापून पातळ झालेली असते, विमान जड आणि एटीआरसारखं छोटं असेल तर एका माणसाचाही हिशोब होतो. डिस्पॅचने वजनामुळं नाही म्हटलं तर तिथं कॅप्टनला मधे घालू नका.

आत बसल्यावर पहिलं काय करायचं?

ब्रीफिंग मागायचं. तुम्ही त्याच विमानावर हजार तास केले असले तरी. ऑक्सिजन मास्क कुठला, हेडसेट कुठं लावायचा, लाइफ जॅकेट कुठंय, बाहेर कसं पडायचं. ए-३२० ला बाजूच्या खिडक्या उघडतात आणि वर दोर आहेत, एटीआरला छतात झाकण आहे. धूर झाला तर शोधत बसायला वेळ नसतो. पट्टे पाचही लावायचे, खांद्याचे पण. मोबाईल बंद किंवा फ्लाइट मोडवर आणि खिशात. रील नाही, सूर्योदयाचा फोटो नाही, कोणी "काढ की" म्हणालं तरी नाही.

गप्पा मारायच्या की गप्प बसायचं?

दहा हजार फुटांच्या खाली तोंड बंद. म्हणजे पुशबॅकपासून वर जाईपर्यंत, आणि खाली यायला लागल्यापासून गेटला थांबेपर्यंत. याला स्टराइल कॉकपिट म्हणतात आणि हा नियम रक्ताने लिहिलेला आहे. ११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत शार्लटला एक डीसी-९ धुक्यात रनवेच्या आधीच जमिनीवर आदळलं, ७२ माणसं गेली. तपासात निघालं की उतरत असताना दोघं पायलट राजकारण, जुन्या गाड्या असल्या गप्पा मारत होते. पुढं १९८१ ला तिथं हा नियम झाला, मग जगभर.

आपल्या गावाचंही आहे. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून टेकऑफ घेणारं बोईंग ७३७ रनवेच्या टोकाला बीड रोडवरून चाललेल्या कापसाच्या ट्रकला धडकलं, ५५ जण गेले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या, पायलटने नाक उचलायला उशीर केला आणि विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती. आमच्या घरात तेव्हा मी शाळेत पण नव्हते, पण बाबा आजही बीड रोडने जाताना त्या जागी गाडी हळू करतात. टेकऑफचे ते तीस-चाळीस सेकंद कसे असतात हे ज्याला कळलं तो मागं बसून तेव्हा "काल ग्रुपवर काय आलं बघितलं का" असं विचारणार नाही.

मुंबई–संभाजीनगर तासाभराची पण नाही, त्यात वरच्या पातळीवर निवांत असे पंधरा-वीस मिनिटं मिळाली तर मिळाली. तेव्हाही आधी ते बोलले तर बोला. लहानपणी मी मामाच्या एसटीत ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर गोधडी टाकून बसायचे, अंबाजोगाई–लातूर, आणि मामा चढायच्या आधीच सांगायचा, "बस बाई, पण तोंड बंद ठिव, मी बोलल्याबिगर बोलायचं नाई." एवढं सोपं आहे ते.

पगार, रोस्टर, मॅनेजमेंट, याबद्दल बोललं तर?

नको. कोणाचं दुखणं कुठं आहे माहिती नसतं, प्रमोशन अडलेलं असतं, भाऊ मॅनेजमेंटमधे असतो. आणि कॉकपिटात वाद झाला की तो उतरेपर्यंत तिथंच असतो, उठून बाहेर जायची सोय नाही.

मराठीत बोललं तर चालतं का?

तिघंही मराठी असतील आणि निवांत वेळ असेल तर बोला की, बरं वाटतं, मला तर कोणी "कुठल्या गावचं?" विचारलं की अर्धा थकवा जातो. पण एफओ केरळचा आणि तुम्ही दोघं मराठीत सुरू, तर तो बिचारा एकटा पडतो, आणि ते वाईट तर आहेच पण धोक्याचं पण आहे, कारण त्याला कळत नाही की हे कामाचं चाललंय की घरचं. विमानाबद्दल काही असेल तर ते इंग्रजीतच.

मागं बसून चूक दिसली तर? गप्प बसायचं का? मग तुम्ही म्हणताय तोंड बंद.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर एकदम सरळ आहे, धोका असेल तर बोला. तोंड बंद हे गप्पांसाठी, सुरक्षेसाठी नाही. कंट्रोलरची क्लिअरन्स, म्हणजे उंचीची परवानगी, एक आली आणि बटणावर दुसरा आकडा लावला, चाकं खाली नाहीत, समोरून दुसरं विमान रनवेवर येतंय, तर स्पष्ट, छोटं, विमानाबद्दल बोला. "सर, क्लिअरन्स नऊ हजारची होती." बस. "तुम्ही विसरलात" नाही, "आमच्याकडं असं करत नाहीत" नाही.

२८ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स देनपसारहून जकार्ताला निघालं. सेन्सर चुकीचा आकडा देत होता आणि विमान आपोआप नाक खाली दाबत होतं. त्या दिवशी मागच्या सीटवर तिसरा पायलट होता, आणि बातम्यांत आलं की काय होतंय हे ओळखायला त्याची मदत झाली. शेपटाकडची, नाक वर-खाली करणारी ट्रिमची मोटर स्विचने बंद केली आणि विमान जकार्ताला पोचलं. तेच विमान दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या क्रूसोबत उडालं, मागं तिसरं कोणी नव्हतं, आणि समुद्रात पडलं, १८९ जण गेले. आदल्या रात्री काय काय झालं आणि काय करून विमान सावरलं हे लॉगबुकात पूर्ण लिहिलेलंच नव्हतं, हेही तपासात आलं. मी हे नवीन पोरांना प्रत्येक वेळी सांगते कारण मागं बसलेल्याला एक गोष्ट मिळते जी पुढच्या दोघांना मिळत नाही, त्याचे हात रिकामे असतात. ज्याचे हात रिकामे त्याचे डोळे पूर्ण उघडे पाहिजेत.

मात्र लक्षात घ्या, स्टाइलमधला फरक म्हणजे चूक नाही. कोणी फ्लॅप थोडा आधी घेतो, कोणी उशिरा, मर्यादेत असेल तर तुमचं काम नाही. उतरल्यावर शिकवायलाही जाऊ नका, त्यांनी विचारलं तरच.

झोप लागली तर?

वर गेल्यावर, कॅप्टनला विचारून, डोळे मिटले तर माझी हरकत नसते, काही कॅप्टनना आवडत नाही, विचारा. घोरत असाल तर केबिनमधे सीट मागा. खाली यायला सुरुवात झाली की जागं व्हायचंच.

पण झोपेचा मोठा प्रश्न वेगळाच आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन कंपनीचं विमान पडलं, ५० जण गेले. त्या फ्लाइटची एफओ आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून कार्गो विमानाच्या जंपसीटवरून मेम्फिसला, तिथून परत दुसऱ्या विमानाने नेवार्कला, अशी रात्रभर प्रवास करून ड्युटीला आली होती. कॅप्टनही नीट झोपलेला नव्हता. जंपसीटवरची डुलकी म्हणजे विश्रांती नाही. रात्री नांदेडहून निघून पहाटेची ड्युटी करणार असाल तर ते आधी स्वतःला विचारा, मग कॅप्टनला.

ड्युटी नाही, मग आदल्या रात्री दोन पेग घेतले तर काय झालं?

आपल्याकडं ड्युटी असलेल्या क्रूला उडायच्या आधीचे बारा तास दारू बंद आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्याने स्वतःला तोच नियम लावावा असं माझं मत, कारण गरज पडली तर पुढच्या दोघांना मदत करणारे तुम्हीच. वास येणाऱ्या माणसाला मी कधीच बसवत नाही, नातेवाईक असला तरी.

आणि मन ठिकाणावर नसेल तरी नका मागू. २२ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेत ड्युटीवर नसलेला एक कॅप्टन जंपसीटवर बसून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला होता, मधेच "मला बरं वाटत नाहीये" म्हणून त्याने दोन्ही इंजिनांच्या आगीच्या हँडलला हात घातला. पुढच्या दोघांनी त्याला आवरलं, विमान पोर्टलंडला उतरवलं, सगळे वाचले. त्या माणसाला मनाचा त्रास होता, नीट झोप नव्हती. घरात मयत झालीय, भांडण झालंय, चार रात्री डोळा लागला नाही, तर केबिनमधे बसून घरी जा. त्यात कमीपणा काही नाही. आणि कोणाशी तरी बोला, आमच्यासारख्या मोठ्यांशी बोला.

कॅप्टन एवढा संशयाने का बघतो? मी तर त्याच कंपनीचा.

त्याच कंपनीचे असलात तरीही बघणारच. ७ एप्रिल १९९४ ला मेम्फिसहून निघालेल्या फेडएक्सच्या डीसी-१० मधे त्यांच्याच कंपनीचा एक कर्मचारी जंपसीटवाला म्हणून बसला होता, गिटारच्या पेटीत हातोड्या होत्या. त्याने तिघाही क्रूची डोकी फोडली, तरी त्या तिघांनी त्याच्याशी झटापट करत विमान परत उतरवलं. आयडी खरं होतं, कंपनी खरी होती. त्यामुळं कोणी बॅग उघडून दाखव म्हटलं, दोनदा नाव विचारलं, तर मनाला लावून घेऊ नका.

केबिनमधे सीट रिकामी होती, गेटवरून तीच दिली. मग कॅप्टनला भेटायची गरज आहे का?

आहे. दाराशी डोकावून "सर, मी अमुक, आज तुमच्या विमानात सोळा सी वर बसतोय, काही लागलं तर आहे." हे का? १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्या डीसी-१० चं मधलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक गेले. प्रवाशांत कंपनीचा एक ट्रेनिंग कॅप्टन बसलेला होता, त्याने येऊन मदत करू का विचारलं, आणि पुढं थ्रॉटल हातात धरून तिघांच्या सोबतीने विमान सू सिटीच्या रनवेपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. मागं कोण बसलंय हे कॅप्टनला माहिती असलेलं बरं.

मी आता कॅप्टन झालो, कोणी मागितलं तर काय करायचं?

आयडी, लायसन्स स्वतः बघा, एकदा हात मिळवा, चेहरा बघा. ठीक वाटलं तर "या, बसा, काही दिसलं तर सांगा" हे वाक्य तोंडाने म्हणा, कारण ज्युनियर पोरगं ते ऐकल्याशिवाय बोलणार नाही, आपल्याकडं मोठ्यांना मधे टोकायची सवयच नाही. पोरगी असेल तर तिला गॅलीत उभं ठेवून वीस प्रश्न नका विचारू, पोराला जेवढे विचारता तेवढेच. आणि नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, शेवटच्या मिनिटाला नाही, म्हणजे तिला दुसरी सोय करता येईल.

उतरल्यावर?

पार्किंग चेकलिस्ट पूर्ण होईपर्यंत बसून राहा, पट्टा काढायची घाई नको. इंजिन बंद, बोलणं संपलं, की दोघांना नावाने थँक्यू, मग लीडला आणि बाकी केबिन क्रूला. कागद, पाण्याची बाटली, हेडसेटचं कव्हर सगळं सोबत उचला. सीट भिंतीकडं नेऊन जागेवर बसवा आणि कट्‌ असा लॉक लागल्याचा आवाज ऐका, तो आला नाही तर परत करा, कारण वीस मिनिटांत पुढची फ्लाइट असते आणि तिथं दुसरी जोडी येऊन बसणार असते.